चुकलेलं गाऱ्हाणं

मंगळवार, ८ जुलै

हिशेबाच्या वहीत असलं लिहू नये. तिथे दूध, तेल, गॅस. म्हणून बँकेने फुकट दिलेली ही डायरी काढली. कोरी पडून होती, रद्दीत जाण्यापेक्षा बरं.

गौरजा आज अमेरिकेहून आली. हे तिला आणायला कणकवली स्टेशनवर गेले होते. येणार हे मला कालच कळलं. दोन मोठ्या बॅगा बघून मी विचारलं, "इतकं सामान? सुट्टी किती दिवसांची?" म्हणाली, "आई, आधी न्हातंय." न्हाऊन आली, देवाला नमस्कार केला, पेज घेतली आणि मग सांगितलं. तिचं शिक्षण बंद पडलं.

तिचं पीएच.डी.चं तिसरं वर्ष होतं. तिच्या सरांची प्रयोगशाळा तिथल्या सरकारच्या पैशावर चालायची. ते पैसे सरकारने एक पत्र पाठवून मध्येच थांबवले. सरांकडे पाच मुलं होती, पाचांचाही पगार गेला. विद्यापीठ म्हणालं, आमच्याकडेही नाहीत. पगार नाही तर पुढच्या सत्राला नाव घालता येत नाही, नाव नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर घरी.

हे तहसीलदार कचेरीत क्लार्क, त्यामुळे त्यांना अशा पत्रांची सवय. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "इलस ता बरा झाला. जेव."

मला जे वाटलं ते लिहिते. मी मॅट्रिक झालेली बाई, पण चांगल्या मुलाला शाळेतून कोणी घालवत नाही एवढं मला कळतं. पाचांना घालवलं म्हणते. तिनेच काही केलं नसेल कशावरून?

ती गेली तेव्हा पोरांनी तिठ्यावर तिच्या फोटोचा बोर्ड लावला होता. देवळात शाल-श्रीफळ झालं होतं. मी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसले होते.

संध्याकाळी शेजारच्या रुक्मिणीकाकीने वईच्या कुंपणावरून विचारलंच. "चेडू इला मा? किती दिवस ऱ्हवतला?"

"महिनो-दीड महिनो. सुट्टी आसा."

पेला हातातून निसटावा तसं तोंडातून गेलं. देवापुढे दिवा लावताना जरा थांबले, पण लावला.

गुरुवार, १० जुलै. गुरुपौर्णिमा

गौरजा सकाळी लॅपटॉपवर बसली होती. म्हणाली, सरांना मेल करते आहे. मला बरं वाटलं. म्हटलं, "आजचो दिवस बरो आसा. काय चुकला असात तर माफी माग. गुरू तो, घेयत परत."

तिने लॅपटॉपवरून मान वर केली. मग म्हणाली, "आई, सरच माझी माफी मागतत."

गुरू कधी शिष्याची माफी मागेल का? ती माझ्यापासून काहीतरी लपवते आहे. श्रावणातले सगळे सोमवार पाणीही न पिता निरंकार उपास करायचं ठरवलं.

बुधवार, १६ जुलै

आज ती रडली. आली तेव्हापासून एकदाही रडली नव्हती. मला वाटलं आता खरं काय ते बाहेर येईल. कारण निघालं चिखल.

समुद्राच्या तळातला गाळ त्यांनी लांब नळ्यांत भरून आणला होता. त्याचे थर बघून हजारो वर्षांपूर्वी पाऊस किती पडायचा ते ती काढत होती. त्या नळ्या थंड खोलीत ठेवाव्या लागतात. ती खोली आता दुसऱ्या कोणाला देणार आहेत आणि नळ्या टाकून देणार आहेत. सरांनी तसं कळवलं.

मी म्हटलं, "चिखलासाठी कित्याक रडतस गो? आपल्या खाडीत चिखल काय कमी आसा?"

रडता रडता हसायला लागली. मग हसायची थांबली आणि खिडकीतून खाडीकडे बघत बसली. मला काही कळलं नाही.

ह्यांनी जेवताना तिला विचारलं, आता पुढे काय. ती म्हणाली, मालवणच्या कॉलेजात भूगोलाला माणूस हवा आहे, अर्ज केला आहे. तिचा तिकडचा फोन इथे चालत नाही, म्हणून अर्जावर माझा नंबर दिला. मी वाढत होते. भाताचा हात तसाच राहिला. अमेरिकेतली मुलगी मालवणात शिकवणार. लोक काय समजतील?

सोमवार, २८ जुलै. पहिला श्रावणी सोमवार

देवळातून येत होते तर रुक्मिणीकाकी खाडीच्या बांधावर उभी. म्हणाली, "बघ गो सावित्री, तुझा चेडू."

गौरजा गुडघाभर चिखलात. ह्यांची जुनी पँट घातलेली, हातात प्लंबरकडचा पांढरा पाइप. तो चिखलात खुपसायची, वर ओढायची, वास घ्यायची. वास!

"अमेरिकेसून शिकान इला नि तिसऱ्यो-शिंपल्यो काढता काय?" काकी हसत म्हणाली.

"कॉलेजाचा काम आसा तेचा," मी म्हटलं. "सरांनी सांगितलेला."

"असात, असात. माझ्याकडे गम-बूट आसत, झिलाचे. धाडू?"

मुलाचे बूट काय म्हणून देते, मला ठाऊक आहे. बूट द्यायच्या निमित्ताने घरात यायचं आणि बोलणं काढायचं. ह्या महिन्यात एकदा अळू आणून दिलं, एकदा फणसाची साठं. मी प्रत्येक वेळी भांडं रिकामं परत केलं नाही, काहीतरी घालूनच दिलं. कोणाचं ठेवून घ्यायचं नाही.

गौरजा माखलेली घरी आली आणि मी तिला मागच्या दाराने घेतलं. म्हटलं, "पुढच्या दारान येव नको. लोक बघतत." तिने विहिरीवर पाय धुतले, खूप वेळ धुतले.

शुक्रवार, १ ऑगस्ट

फोन आला. गौरजा खाडीवर होती, हे कचेरीत.

"नमस्कार, मी सारिका बोलते आहे, कॉलेजच्या भूगोल विभागातून. गौरजा आहेत का?"

बाई गोड बोलत होती. मीही कचेरीत बोलतात तसं बोलले. विचारलं, "जागा कायमची आहे का?" तिने सरळ सांगितलं, नाही. तासिका तत्त्वावर. जितके तास शिकवेल तितक्याचे पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. कायमच्या जागा भरायला शासनाची मंजुरी येत नाही, म्हणून असं चालतं. "पण मुलगी फार हुशार आहे हो. आम्हाला तीच हवी आहे. सोमवारपासून येऊ शकेल?"

तासावर! नारळ पाडायला येतो त्याला आम्ही माडावर पैसे देतो, तसं. तिठ्यावरचा बोर्ड डोळ्यांपुढे आला. गणपतीला मुंबईहून सगळे येणार. माझी जाऊ डोंबिवलीची, सीतावहिनी, ती भर माजघरात विचारणार, गौरजा काय करते? आणि मी काय सांगू, तासावर जाते?

मी म्हटलं, "तिला गरज नाही मॅडम. ती महिनाअखेरीस परत जाते आहे अमेरिकेला."

बाई म्हणाली, "अस्सं? आम्हाला वाटलं... बरं. आनंद आहे. शुभेच्छा सांगा तिला."

मी तिच्या भल्यासाठीच केलं. एकदा तासावर लागली की तासावरचीच राहील. दुसरं काही मोठं येईल. देव बघतो आहे.

हे वाक्य लिहिलं आणि जरा वेळ पुढे लिहवेना.

मंगळवार, ५ ऑगस्ट

"आई, कॉलेजातून फोन नाय इलो?"

"नाय."

"मगे दुसऱ्या कोणाक तरी घेतल्यानी असतला," ती म्हणाली आणि पाइपातला चिखल वर्तमानपत्रावर पसरत बसली. थोड्या वेळाने आपणच म्हणाली, "थंय अमेरिकेकपण नको, हंयपण नको."

मी काल केलेले लाडू तिच्यापुढे ठेवले. खाल्ले नाहीत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

आजचं सगळं लिहिते. 

आमच्याकडे पुनवेला सगळी वाडी खाडीच्या मुखाशी जमते. अप्पा गावकर गाऱ्हाणं घालतात आणि मग समुद्राला नारळ देतात. कोणाचं काही खास मागणं असलं तर तो आधी अप्पांकडे नारळ देऊन शब्द सांगून येतो. गाऱ्हाणं घालणारा ते शब्द देवापुढे ठेवतो आणि सगळी वाडी त्याला होकार देते. असं मागितलेलं एकट्याचं राहत नाही, ते वाडीचं होतं.

मी सकाळीच नारळ घेऊन गेले होते. म्हटलं, "अप्पानू, चेडवाच्या परतीच्या प्रवासाचा सांगा." ते म्हणाले, "परतीचा? बरा." आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

संध्याकाळी ओहोटी लागली होती. अप्पांचं वय झालं आहे, पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की आवाज अजून खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! बारा वाडीच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमलेली आसत. होडयेक राख, जाळ्याक राख, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सावित्रीचा चेडू सातासमुद्रापलीकडे शिकता. रजेवर इलेला आसा. तेका परतीची वाट सुखाची कर, थंय मोठा यश दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. नारळ पाण्यात गेला. तेवढ्यात गौरजा पुढे झाली.

"अप्पानू, थांबा. गाऱ्हाणा चुकला."

बायकांच्या बांगड्यांचासुद्धा आवाज थांबला.

"मी रजेवर नाय. माझा थंयचा शिक्षण बंद पडला. मी परत जावचंय नाय."

अप्पा तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला खाली वाळू दिसत होती. मग ते म्हणाले, "चुकलेला गाऱ्हाणा तसाच ठेवूचा नसता. परत घालूक व्हया. नारळ हाडा."

आमचा नारळ तर गेला होता. रुक्मिणीकाकीने आपला, हळदकुंकू लावलेला नारळ पुढे केला. म्हणाली, "ह्यो घेवा. आमचो नंतर बघू."

अप्पांनी विचारलं, "काय मागू, बाय, तुझ्यासाठी?"

गौरजा म्हणाली, "हंय शिकवचा काम मिळांदे. कॉलेजात अर्ज केलंय. अजून बोलावणा नाय."

आणि अप्पांनी दोन्ही हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! मगाशी लेकरांकडून चूक झाली, ती पोटात घाल. ह्या चेडू आपल्या मातयेत परत इलेला आसा. तेच्या इद्येक हंय जागा दी. जो दरवाजो बंद आसा तो उघड. जो कोण आडवो इलो असात, तेका बाजूक कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पहिल्या वेळेपेक्षा मोठ्याने. म्हातारे, पोरं, होडीवरचे सगळे. हे सुद्धा, जे कधी तोंड उघडत नाहीत. देवाचं बोलावणं पाठवून झालं होतं आणि मी त्याला दारातून परत लावलं होतं. आता सगळी वाडी तेच पुन्हा मागत होती, आणि आड आलेली बाई तिथेच, नऊवारीचा पदर सावरत उभी होती.

माझ्या तोंडून होकार निघाला नाही. बाजूच्या रुक्मिणीकाकीला वाटलं, मला रडू आलं. तिने माझा हात धरला.

शनिवार, ९ ऑगस्ट

काकी आली. मी तिला पहिल्यांदाच आपणहून आत बसवलं.

"आमका म्हायत होता गो," ती म्हणाली. "झील माझो मोबाईलवर वाची होतो. थंयच्या कितक्या पोरांचा असाच झाला. तुका सांगूचा नाय होता, म्हणान आमी गप."

"सगळ्यांका म्हायत होता?"

"मगे? पण तू सुट्टी म्हणालंस, तर आमीव सुट्टी म्हटला."

म्हणजे महिनाभर मी वाडीला फसवत नव्हते. वाडी मला सांभाळून घेत होती. 

फोनचं तिला सांगायला तोंड उघडलं होतं. नाही सांगितलं.

सोमवार, ११ ऑगस्ट. तिसरा सोमवार

देवळात जाते म्हणून निघाले आणि मालवणच्या एसटीत बसले. मनात काय होतं ते लिहिते: मॅडमच्या पाया पडून काम परत मिळवायचं. मिळालं की गौरजाला फोनचं सांगायची वेळच येणार नाही. देवाला जायच्या निमित्ताने हेही केलं.

सारिका मॅडम वयाने लहान, डोळ्यांखाली काळं. एका खोलीत चार टेबलं, तीन रिकामी.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, त्या दिवशी यादीत पहिलं नाव गौरजाचंच होतं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून दुसऱ्या नावाला बोलावलं. कोल्हापूरकडचा मुलगा आहे, खोली घेऊन राहतो. त्याला आता कसं काढू?"

"नाही, त्याला नका काढू," मी म्हटलं. तेवढं तरी बोलले.

तिने मला पाणी दिलं. उपास आहे म्हणून घेतलं नाही. मी विचारलं, "मॅडम, खरं सांगा. हुशार मुलीला असं कोणी घालवतं? तिचं काही चुकलं असेल ना?"

मॅडमने त्या रिकाम्या टेबलांकडे हात केला. "ह्या तीन जागा रिकाम्या आहेत. माणसं निवृत्त झाली, नवी भरायला मंजुरी नाही. इथे बसणाऱ्यांचं काय चुकलं? तिथे एका पत्रात झालं, इथे वर्षानुवर्षं होतंय. एवढाच फरक."

मी ज्याला कायमचं म्हणत होते ते त्यांच्याकडेही उरलेलं नाही. आणि मी महिनाभर माझ्या मुलीत खोट शोधत होते.

निघताना तिने एका चिठ्ठीवर नंबर दिला. फोंडाघाटाच्या बाजूला एका कॉलेजात थोडे तास आहेत. लांब पडेल, दोन एसट्या. "पण ह्या वेळी तिलाच फोन करू द्या," म्हणाली. रागावून म्हणाली नाही, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी गौरजा पडवीत बरण्यांत गाळ भरत होती. प्रत्येक बरणीवर खाडीतल्या जागेचं नाव. माझ्या लोणच्याच्या बरण्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर सांगितलं नसतं.

"कॉलेजाचो फोन इल्लो. मी नाय म्हटलंय."

"कधी?"

"एक तारखेक."

"पाच तारखेक मी तुका विचारलंय."

"व्हय."

"पुनवेक तू माझ्या बाजूक उभी होतस."

"व्हय."

तिने बरणीचं झाकण लावलं. नीट, फिरवून फिरवून. मग म्हणाली, "आई, सरकारान माका पत्र तरी धाडल्यान."

आत गेली. मी तिथेच होते. उपास सोडायचा राहिला.

गुरुवार, १४ ऑगस्ट

तिने स्वतः फोन केला. फोंडाघाटाच्या बाजूचं काम मिळालं. आठवड्यात तीन दिवस. पहाटेच्या एसटीने जाते, दिवेलागणीला येते. भाड्यात किती जातं आणि हातात काय उरतं ते मी हिशेबाच्या वहीत मांडलं नाही. तो हिशेब तिचा.

बोलते माझ्याशी. मीठ दे, पाणी तापलं का, टॉवेल खंय आसा. त्यापलीकडे नाही. ह्यांना तिनेच सांगितलं असावं, कारण तेही गप्प आहेत. पण ते पूर्वीही गप्पच असायचे, म्हणून नक्की कळत नाही.

मंगळवार, २६ ऑगस्ट. हरतालिका

उद्या गणपती. घर भरलं आहे. सीतावहिनी, भावोजी, मुलं आज सकाळीच आली. गौरजाला सुट्टी उद्यापासून, म्हणून आज ती कामावर.

दुपारी आम्ही बायका माजघरात नारळ किसत होतो. वहिनी म्हणाल्याच, "गौरजा खंय? अमेरिकेक परत गेला काय?"

सुट्टीतच काम धरलं आहे, हौस म्हणून जाते, असं एक वाक्य माझ्याजवळ तयार होतं. आपोआप तयार होतं. जिभेवर आलं होतं.

मी म्हटलं, "नाय. थंयचा शिक्षण बंद पडला, पैसे थांबले म्हणान. फोंडाघाटाकडे तासावर शिकवक जाता. मालवणचा काम मिळाला होता, ता माझ्यामुळे गेला. फोन इल्लो, तो मीया परस्पर नाकारलंय. माका लाज वाटली, म्हणान."

किसण्या थांबल्या. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. मग मुलांना बाहेर खेळायला पाठवलं, जसं काही मी वाईट शब्द बोलले. खरं म्हणजे वाईटच होता. मोठी पुतणी आतच होती, तिने विचारलं, "तासावर म्हंजे काय?" मीच सांगितलं. जितकं शिकवेल तितक्याचे पैसे. कबूल करून जिवाला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. नुसतीच सगळ्यांची नजर.

गौरजा आली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. तिने पाय धुतले, पुढच्या दाराने आत आली आणि मला विचारलं, "काय झाला?"

"मी सांगितलंय."

"किती?"

"सगळा. फोनाचाव."

तिने पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "बरा केलंस."

नंतर माटवी बांधायला सगळे जमले. गणपतीवरच्या त्या चौकटीला नारळ, कवंडळाची रानफळं, सुपारीचे घड बांधायचे, ते काम दरवर्षी तिचं नि माझं. ती अमेरिकेला होती तेव्हा मी एकटीने बांधलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आज मी सुतळी सोडवून, तुकडे करून, हातात घेऊन उभी राहिले. ती स्टुलावर चढली, वरची कवंडळं सारखी केली आणि खाली हात केला.

"काकी, सुतळी दी गो," ती सीतावहिनींना म्हणाली.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी सुतळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गौरजाला दिली.